लग्नाचा घागरा आधी उलटा करून बघा

दुकानात ‘ऑरगॅनिक’, ‘सस्टेनेबल’ असा टॅग लावलेला लग्नाचा घागरा दिसला ना, की तो आधी उलटा करून बघा. बाहेर हातमागाचं कापड असेल, रंग झाडापानांचे असतील, ते सगळं खरंही असेल, आणि आत पॉलिस्टर क्रेपचं अस्तर, त्याखाली घेर फुगवणारा नायलॉनच्या नेटचा कॅनकॅन, कमरेला फ्युजिंगची चिकट पट्टी, नायलॉनची चेन, आणि हे सगळं ज्या दोऱ्याने शिवलंय तो दोराही पॉलिस्टरचाच. भरपूर घेराच्या घागऱ्यात हे आतलं प्लास्टिक बाहेरच्या कापडापेक्षा जड भरलं तरी मला नवल वाटणार नाही.

असं उलटं करून बघायला मला आमच्या टेलर काकूंनी शिकवलं. काकू म्हणजे कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगशेजारच्या खोलीत दोन मशिनी टाकून बसणाऱ्या, माझ्या जन्माच्या आधीपासून आईचे ब्लाऊज शिवणाऱ्या, आणि ‘इकोफ्रेंडली’ हा शब्द ऐकला की चष्म्यावरून बघणाऱ्या. मी कापड घ्यायच्या आधीच त्यांच्याकडे गेले हे फार बरं झालं, कारण पुढचे सगळे निर्णय तिथूनच सुटत गेले, म्हणजे आधी कात्री आणि मग कापड, नेहमीच्या बरोबर उलटं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लग्न मार्गशीर्षात, सांगलीला. नवऱ्याकडचे लोक तिकडचे मराठी जैन आणि सासूबाई रेशीम वापरत नाहीत, कित्येक वर्षांपासून. मला कोणी काही म्हणलं नव्हतं, लग्नात आईचा तीस वर्षांपूर्वीचा शालू नेसणार हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की जुना आहे ना, मग नेस, त्याच्यासाठी आता नव्याने कोणाचा जीव जाणार नाहीये. मामाकडची पिवळी साडी सुतीच होती. उरलं रिसेप्शन. भाड्याने का नाही घेतलंस असं खूप जणींनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर एकदाच घालायचं असेल तर भाड्याचंच बरं, पण मला एकदा घालून कपाटात ठेवायचं असं काही नकोच होतं, मला पुढची दहा-पंधरा वर्षं अंगावर घालता येईल असं काहीतरी हवं होतं.

सुरुवातीला माझ्या डोक्यात अहिंसा सिल्क होतं. तुतीच्या रेशमाचा कोष म्हणजे शेकडो मीटर लांबीचा एकच अखंड धागा असतो, पतंग बाहेर आला की कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो, म्हणून त्याच्या आधीच कोष गरम हवेत नाहीतर वाफेत घालून आतला जीव मारतात. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरचे रिकामे कोष घेऊन त्यांचं सूत कातून कापड करायला सुरुवात केली, ते हे अहिंसा सिल्क. धागा तुटका असल्याने चमक कमी आणि किंमत जास्त. दुसरा पर्याय एरी रेशीम, त्याची अळी आसाम-मेघालयाकडची, एरंडाच्या पानांवर वाढणारी, तिच्या कोषाला मुळातच एका बाजूने तोंड उघडं असतं त्यामुळे मारायची गरज नसते. पण तिकडे कोषातल्या त्या अळ्या लोक आवडीने खातात, त्यामुळे एरी म्हणजे आपोआप अहिंसा असं काही नाही, विकणाऱ्याला विचारावंच लागतं. आणि पतंग जिवंत बाहेर आला तरी तुतीच्या पतंगाला उडता येत नाही, तो थोडे दिवस जगतो, मादी शेकडो अंडी घालून ठेवते, आता त्या सगळ्या अळ्यांना पाला कोण घालणार? हे सगळं मी सासूबाईंना फोनवर अगदी रंगवून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, मग सुतीच घे की.”

विषय संपला. आईचा मात्र तिथून सुरू झाला, सुती? रिसेप्शनला? लोकांना वाटेल आम्ही काही केलंच नाही. आईला गप्प करायचं काम पुढे कशिद्याने केलं, ते सांगते नंतर.

मधल्या काळात दुकानांतून फिरलेही, आणि काय काय विकतात हो लोक! बांबू सिल्क म्हणे इकोफ्रेंडली. बांबूचा मऊ कपडा म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतो, बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा ओढतात आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन लागतं, आणि बाजारात त्या नावाने निव्वळ सिंथेटिकही खपतं. ‘व्हीगन सिल्क’ म्हणून एकाने दाखवलं त्याचे दोन धागे मी मागून आणले. काकूंनी काडी ओढली आणि जाळले. सूत जळलं की कागदाचा वास येतो, रेशीम जळलं की केसांचा, आणि बोटाने चुरलं की राख होते. हे वितळलं आणि त्याचा काळा कडक मणी झाला. काकू काहीच बोलल्या नाहीत, मणी माझ्या हातावर ठेवला. आणि सर्टिफिकेटचंही एक लक्षात ठेवा, सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे एवढीच हमी, रंग कुठला आणि किडा मेला की जगला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. गॉट्सचं (GOTS, ऑरगॅनिक कापडाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) लेबल असेल तर निदान ७० टक्के धागा ऑरगॅनिक असावा लागतो, म्हणजे ते लेबल असलं तरी शंभर टक्के ऑरगॅनिक असेलच असं नाही.

शेवटी कापड घेतलं वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेली संस्था, ऑरगॅनिक कापसाची खादी करतात आणि नैसर्गिक रंगही वापरतात. कच्छचा काळा कापूसही मनात होता, तोही छान, फक्त पावसाच्या पाण्यावर येणारा जुना देशी वाण, पण त्याचं पोत मला या घागऱ्यासाठी जरा जाड वाटलं. आणि विदर्भातला कापूस म्हणलं की आपल्याला एकच बातमी आठवते, तिथल्याच कापसाचं लग्नात काहीतरी घालावं असंही मनात होतं, ते काही मी कुणाला सांगत बसले नाही. मी मुद्दाम कोरी, बिनरंगाची खादी घेतली. पन्हा ३६ इंच.

आता हा ३६ चा पन्हा ऐकून बाकीच्या टेलर नाक मुरडतात, त्यांना ५८-६० इंची पॉवरलूमच्या कापडाची सवय. काकूंनी उलट कागद घेतला आणि गणित मांडलं, ते मला अजून पाठ आहे. अंब्रेला कट केला तर गोलाच्या चारही कोपऱ्यांचं कापड वाया जातं, म्हणून कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या पट्ट्यांचा घागरा. कळी वर ४ इंच, खाली १४. एक सुलटी, शेजारी एक उलटी, म्हणजे कुठेही मोजलं तरी दोघींची रुंदी मिळून १८, आणि अशा दोन जोड्या म्हणजे चौदा चार चौदा चार, बरोबर ३६. काठाला काठ. १८ इंचाच्या पट्टीला एकच तिरकी कात्री मारायची, दोन कळ्या तयार, खाली चिंधी शून्य. घागऱ्याच्या उंचीएवढ्या चार लांब्यांत सोळा कळ्या. शिलाईत प्रत्येक कळीचा इंचभर जातो, तो वजा करूनही खालचा घेर २०० इंचांच्या वर आणि वर कमरेला ४८, तो नाडीने चुणून घ्यायचा. कापडावर छापील नक्षी एकाच दिशेची असती तर हे जमलंच नसतं, कारण निम्म्या कळ्यांवरचे मोर डोक्यावर उभे राहिले असते. कापड कोरं घेतल्याचा हा फायदा. आणि जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला जोडायची, तिरकीला तिरकी जोडली की ते कापड ताणलं जाऊन तिथे झोळ पडतो. जुन्या घागऱ्यांमध्ये हे असंच असायचं म्हणे, कारण तेव्हा पन्हे लहानच होते आणि कापड टाकून देण्याएवढा पैसा कुणाकडे होता.

चेन नाही, नेफा आणि नाडी. म्हणजे मी जाड झाले, बारीक झाले, बाळंतीण झाले तरी घागरा आपला जागेवर. ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी चांगली इंच-इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडली, आणि ती सोडताना काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

रंगाचं काम मुळशीकडे एक मुलगी करते तिच्याकडे दिलं. मला कुंकवासारखा लाल हवा होता. लाखेचा लाल सुंदर येतो पण लाख किड्यांची, म्हणजे रेशीम टाळून तिथेच परत आलो, म्हणून ते बाद. राहिली मंजिष्ठा, म्हणजे एका वेलीची लाल रंग देणारी मुळं. सुताला हे रंग सहजासहजी धरत नाहीत, रेशमाला लोकरीला धरतात, म्हणून आधी कापड धुऊन खळ पूर्ण काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, ते वाळलं की पिवळट होतं, मग तुरटीचं पाणी, आणि मग मंजिष्ठा मंद आचेवर, कारण जास्त उकळली की लाल जाऊन तपकिरी यायला लागतो. हिरडा आपला जुन्नर-आंबेगावकडचा, तिथल्या महादेव कोळी लोकांच्या वर्षाच्या कमाईत त्याचा मोठा वाटा असतो, आपल्याला तो फक्त त्रिफळा चूर्णात माहीत. आलेला रंग कुंकवाचा नव्हे, विटेकडे झुकणारा, खोल. आणि सगळं कापड एकाच वेळी रंगवून घ्या बरं का, नंतर अर्धा मीटर कमी पडला तर तोच रंग परत जुळत नाही.

‘नॅचरल डाय’ असं सांगून विकणाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा, लाल मंजिष्ठाचा की अलिझरिनचा? अलिझरिन म्हणजे मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांमधलंच लाल द्रव्य, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि आज कच्छकडच्या अजरख छपाईमध्येही बऱ्याच ठिकाणी तेच तयार मिळणारं वापरतात. त्यात फसवणूक आहेच असं मी म्हणत नाही, पण सांगून विका. तसंच रंग पक्का करायला तुरटी वापरलीय की क्रोम, तांबं वगैरे, हेही विचारा, झाडाचा रंग आणि क्रोमचं पाणी नाल्यात असं व्हायला नको. पाणी मात्र भरपूर लागतं यात, धुणं धुणं आणि धुणं, सरपणही लागतं, उगाच कुणी पुण्य मिळवल्याच्या थाटात राहू नये.

ओढणीला मला हळदीचा रंग हवा होता, लग्नच आहे म्हणलं. ती मुलगी हसायला लागली. हळद उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते, आपल्या हळदीच्या कार्यक्रमानंतर कपडे धुताना सगळ्यांनी बघितलेलं असतं ते, कुंकू करतात तेही हळदीला असंच क्षार लावून. मग डाळिंबाच्या सालींचा पिवळा केला. साली आमच्या कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून पोतंभर फुकट, त्याला वाटलं मी म्हैस पाळलीय. मलमलीवर आलेला रंग जरा जुन्या सोन्याकडे जाणारा. लोखंडाची भांडी मात्र लांब ठेवायची, सालींतल्या टॅनिनला लोखंड लागलं की पिवळ्याचा काळपट हिरवा होतो.

आता आतलं. अस्तराला काय लावायचं यावर मी नेटवर काय काय वाचत बसले होते, आणि काकूंनी विचारलं आजीची लुगडी आहेत का गं घरी? होती ना, ट्रंकेत, सुती नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, बाळाच्या दुपट्यासाठी आई जपून ठेवते ती. आटायचं तेवढं कधीच आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, अंगाला टोचायचा प्रश्न नाही. त्यातलं चांगलं राहिलेलं एक लुगडं घागऱ्याला आतून लागलं. ब्लाऊजला मात्र काकूंनी ते साफ नाकारलं, जुनं सूत मुंढ्यात ताण घेत नाही, हात वर केला की फाटेल, तिथे नवीन कापड, टू बाय टू पण शुद्ध सुती बघून. फोमचे कप नाहीत, फ्युजिंग नाही, गळ्याला उरेब पट्टी आणि हातशिलाई.

घेर फुगवायला कॅनकॅनच्या ऐवजी मांजरपाटाचा तीन झालरींचा परकर शिवला आणि त्याला साबुदाण्याची खळ. कडक! आदल्या दिवशी तो परकर मामाच्या गच्चीवर वाळत घातला होता तर स्वतःच्या जोरावर उभा राहायच्या बेतात होता. बसताना थोडा कुरकुर आवाज येतो, फोटोत येत नाही. आणि खळ धुऊन टाकली की तो साधा परकर, आता साडीखाली घालते.

दोऱ्यावरून आमचं वाजलं. मला सगळा सुती दोरा हवा होता, मोटरच्या मशिनवर तो सारखा तुटायला लागला, काकूंनी मग कळ्या पायाच्या जुन्या मशिनवर टेन्शन सैल करून शिवल्या, अगदी संथ. पण ब्लाऊजच्या मुंढ्याला आणि बाजूंना त्या पॉलिस्टरच्या दोऱ्यावर अडून बसल्या. म्हणाल्या, “स्टेजवर बाही उसवली तर तुझं पर्यावरण येणार आहे का टाका घालायला?” मी हो म्हणलं. आजही मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं, कपडा लवकर फाटला तर त्याच्यात इकोफ्रेंडली काय राहिलं.

टिकल्या, आरसे, जरी काहीच नाही. टिकल्या म्हणजे प्लास्टिक, आणि हल्लीची जरी बऱ्याचदा पॉलिस्टरवर चमक चढवलेली. त्याऐवजी ब्लाऊजच्या पाठीवर, बाहीवर आणि घागऱ्याच्या खालच्या पट्टीवर कर्नाटकी कशिदा, सुती दोऱ्याने, काळा आणि मोतिया. हा दोरा बाजारातला, नेहमीच्या रंगाचा, ते कबूल. धारवाडकडच्या एका मावशींनी काढला, गोपुरं, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन. धागे मोजून काढायचा, छापा मारायचा नाही, गाठ मारायची नाही, आणि त्यातली गवंती म्हणून टाक्याची पद्धत अशी आहे की पुढून आणि मागून सारखंच दिसतं. आई बराच वेळ तो ब्लाऊज उलटासुलटा करून बघत होती. नंतर रिसेप्शनमध्ये प्रत्येक आत्याला, काकूला पदर बाजूला करून पाठ दाखवायला मला तिनेच उभं केलं, सुती वगैरे विषय कुठल्या कुठे.

घालून कसं वाटलं तर हलकं, एवढंच सांगते. बाकीच्या नवरी मुली बाथरूमला जाताना तीन मैत्रिणी घेऊन जातात, मी एकटी जाऊन आले. सासूबाईंनी कापड बोटांत धरून बघितलं आणि रंग कशाचा ते विचारलं. एकच काळजी होती ती लिंबाची, आंबट लागलं की मंजिष्ठाचा लाल तिथे नारिंगी पडायची भीती, त्यामुळे सरबताच्या ट्रेपासून मी रात्रभर लांब. पंगतीत आमटी सांडली पण ती ओढणीवर, आणि पिवळ्यावर आमटी काय दिसतेय.

धुवायला ड्रायक्लीनला द्यायचं नाही, पेट्रोल वॉशलाही नाही, त्या सॉल्व्हंटचा त्रास आपल्यालाही आणि तिथे काम करणाऱ्यांनाही. रिठ्याच्या पाण्यात गार बुडवून, न पिळता, सावलीत. मंजिष्ठा पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडी सुटते, वेगळा धुवा.

खर्चाचं म्हणाल तर कापड स्वस्त पडलं, रंगवणावळ, शिलाई आणि कशिदा मिळून त्याच्या कितीतरी पट, म्हणजे बहुतेक पैसा माणसांच्या हातात गेला, मला त्यात घासाघीस करावीशी वाटली नाही. एकूण रक्कम लक्ष्मी रोडवरच्या मध्यम घागऱ्याएवढी. घागरा आत्तापर्यंत नवरात्रात आणि नणंदेच्या डोहाळजेवणाला घालून झालाय, ब्लाऊज साड्यांवर चालतो. उद्या कंटाळा आलाच तर कळ्या उसवून दोन कुर्ते निघतील, असं काकूंनी नेफ्याच्या आत खडूने लिहून ठेवलं होतं, पहिल्या धुण्यात गेलं ते.

कुणाला असं शिवायचं असेल तर मार्गशीर्ष-पौषातल्या लग्नासाठी टेलरला गणपतीच्या आधी गाठा. नवरात्र लागलं की दारावर ‘दिवाळीच्या ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते, मग रडून उपयोग नाही. आणि रंगाचं काम पावसाळ्यात देऊ नका, कापड वाळत नाही, आमचं एकदा ओलंच घडी करून राहिलं तर डाग पडले आणि तेवढा तुकडा परत हिरड्यापासून करावा लागला.